क्रूझवर जाताना प्रथिनांचा खाऊ: काय घ्यावं, किती घ्यावं, काय घरीच ठेवावं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न क्रूझच्या सुट्टीबद्दल आहेत. आठवडाभर जहाजावर राहायचं, तिथे जेवणाची रेलचेल, मग प्रथिनांसाठी सोबत वेगळं काही बांधावं का? आमचं म्हणणं आधीच सांगतो. जहाजावर कोणी उपाशी राहत नाही. अडचण येते ती मधल्या वेळांची: चढण्याचा दिवस, बंदरावर उतरून केलेली भटकंती, उतरल्यावर पुढच्या प्रवासाची वाट पाहणं. खाऊ बांधायचा तो या वेळांपुरता. बाकी बॅगेतली जागा कपड्यांना द्या.

प्रश्न: सात रात्रींची क्रूझ आहे. रोज ६०-७० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा प्रयत्न असतो. आठवड्याचा खाऊ किती न्यावा?

आधी जहाजावर काय मिळतं ते मोजा. न्याहारीला दोन अंडी म्हणजे साधारण १२ ग्रॅम. चक्का होण्याइतपत निथळलेलं घट्ट दही बहुतेक बुफेवर असतं. त्याच्या १५० ग्रॅममध्ये १५ ग्रॅमच्या आसपास. दुपारी एक कप शिजलेला राजमा घेतला तर १५ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेला मासा किंवा चिकन घेतलं तर २२ ते ३०. रात्री पुन्हा तितकंच. म्हणजे तुमचे ६०-७० ग्रॅम जेवणाच्या टेबलावरच पूर्ण होतात. अंडी, मांस-मासे न खाणाऱ्यालाही दही, दूध, कडधान्यं आणि टोफू मिळून ५० ग्रॅमपर्यंत पोहोचणं अवघड नाही, फक्त ताट भरताना पाव आणि पास्त्याच्या आधी या पदार्थांकडे वळायला हवं.

आता मधल्या वेळा. सात रात्री म्हणजे आठ दिवस. त्यात चढण्याचा एक, उतरण्याचा एक आणि मधले सहा. मधल्या सहांत तीन दिवस बंदरं आणि तीन दिवस समुद्र असं धरू. चढण्याच्या दिवशी दोन वेळचा खाऊ, बंदराच्या प्रत्येक दिवशी दोन (एकूण सहा), समुद्रातल्या दिवशी जास्तीत जास्त एक (एकूण तीन), उतरण्याच्या दिवशी दोन आणि विमान किंवा गाडी लांबली तर हाताशी असावेत म्हणून तीन. बेरीज सोळा. एका वेळचा खाऊ सरासरी ४० ग्रॅमचा धरला तर माणशी ६४० ग्रॅम. एवढंच. दोन-दोन किलोचे डबे घेऊन जाणारी मंडळी शेवटच्या दिवशी तेच डबे कचऱ्याच्या पेटीजवळ रिकामे करताना दिसतात.

प्रत्येक वेळच्या खाऊतून १० ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळाली की पुरे. निरोगी प्रौढाची किमान गरज वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज ५६ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांना आणि साठी ओलांडलेल्यांना १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावं लागतं, पण तेही जेवणातूनच आधी भागवावं.

प्रश्न: घरी केलेले प्रोटीन बार आणि सोललेली उकडलेली अंडी नेली तर चालतील का? जहाजावर चढताना तपासणी होते असं ऐकलं.

होते. विमानतळासारखीच सगळ्या बॅगांची एक्स-रे तपासणी होते. बहुतेक कंपन्यांचा नियम साधारण असा असतो: कारखान्यात बंद केलेलं, न फोडलेलं, फ्रिजशिवाय टिकणारं पाकीट चालतं, घरी शिजवलेलं, नासणारं, फोडलेलं चालत नाही. तुमची अंडी आणि बार दोन्ही दुसऱ्या गटात बसतात. कारण सरळ आहे. हजारो माणसं एकाच स्वयंपाकघरावर आणि एकाच हवेवर आठवडा काढणार असतात, आणि कुठल्या ओट्यावर, कधी, कसं केलेलं अन्न आत आलं याचा हिशोब जहाजाला ठेवता येत नाही.

यातली फसगत अशी. काही जण कारखान्याचं मोठं पाकीट फोडून खाऊ छोट्या झिप पिशव्यांत भरतात. जागा वाचते, पण लेबल जातं. मग आत काय आहे हे ना जहाजावरचा तपासनीस सांगू शकतो, ना पुढच्या देशाचा कस्टम्स अधिकारी, आणि संशयाचा फायदा तुम्हाला मिळत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच २५-३० ग्रॅमची एकेक वेळची बंद पाकिटं घ्या. थोडी महाग पडतात, पण उरलेली तशीच परत नेता येतात आणि केबिनमध्ये अर्धवट फोडलेलं काही पडून राहत नाही.

खाऊबरोबर नेली जाणारी उपकरणं हे आणखी एक दुखणं. पाणी तापवायची किटली, पाण्यात बुडवायचा हीटर, सँडविच मेकर, ब्लेंडर यांना जहाजावर बंदी असते, कारण आगीची भीती. अशी वस्तू एक्स-रेत दिसली की ती बॅग बाजूला काढतात. मग केबिनच्या दारात सगळ्यांचं सामान येतं आणि तुमचं येत नाही. औषधासाठी किंवा पथ्यासाठी खरोखरच वेगळं काही न्यावं लागत असेल, तर निघण्याच्या बरंच आधी कंपनीच्या विशेष गरजा पाहणाऱ्या विभागाला लिहा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. फोनवर कोणी 'हो' म्हणालं होतं, हे तपासणीच्या रांगेत कामाला येत नाही.

प्रश्न: बदाम, काजू, ग्रॅनोला बार हे प्रथिनांसाठी चांगले ना? मग त्यांनीच बॅग भरली तर?

चांगले आहेत, पण 'प्रथिनांसाठी' म्हणाल तर थोडं थांबा. युरोपीय संघाच्या नियमानुसार एखाद्या पदार्थावर 'उच्च प्रथिनयुक्त' असं छापायचं तर त्यातल्या एकूण ऊर्जेचा किमान २० टक्के भाग प्रथिनांतून यावा लागतो. एक ग्रॅम प्रथिनातून ४ कॅलरी मिळतात. यावरून दुकानात उभ्या उभ्या करता येणारा हिशोब निघतो: पाकिटावरच्या कॅलरींना २० ने भागा. प्रथिनांचे ग्रॅम त्या आकड्याइतके किंवा जास्त असतील, तर तो पदार्थ पास.

तीस ग्रॅम बदामांत सुमारे १७४ कॅलरी. भागिले २० म्हणजे ८.७. प्रथिनं मात्र ६ ग्रॅमच्या थोडी वर. नापास. शेंगदाणे जवळ येतात, तीस ग्रॅमला साडेसात-आठ ग्रॅम, हवे होते साडेआठ. काजू आणि अक्रोड बरेच मागे. सोललेल्या भोपळ्याच्या बिया पास होतात: १६८ कॅलरींना ८.४ हवे, मिळतात ९. फुटाणे काठावर पास. भाजलेलं सोयाबीन सहज पास, तीस ग्रॅममध्ये ११-१२ ग्रॅम. पाण्यातल्या ट्यूनाचं ७५ ग्रॅमचं पाऊच तर हिशोबाच्या पलीकडचं, ८० कॅलरींत सुमारे १७ ग्रॅम. आणि ज्याच्या वेष्टनावर गव्हाची लोंबी आणि मधाचा थेंब काढलेला असतो त्या ग्रॅनोला बारमध्ये बहुधा १९० कॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनं असतात. ती मिठाईच, फक्त पोशाख खेळाडूचा.

नापास झालेलं वाईट असं नाही. बदामात चांगली चरबी आहे, तंतुमय भाग आहे, भूक बराच वेळ धरून ठेवतो. पण जहाजावर चरबी आणि कॅलरी कमी पडत नाहीत. म्हणून सोळा वेळांपैकी आठ वेळा सोयाबीन, फुटाणे किंवा भोपळ्याच्या बिया, चार वेळा प्रोटीन बार, दोन वेळा सुकामेवा आणि, मासे खात असाल तर, दोन वेळा ट्यूना अशी वाटणी आम्ही सुचवू. ट्यूनाचं पाऊच घ्या, डबा नको: डब्याच्या कापऱ्या कडा आणि निथळायचं पाणी दोन्ही गैरसोयीचं. आणि ते केबिनमध्ये फोडू नका. केबिनला खिडकी असली तरी ती उघडेलच असं नाही, वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. उघड्या डेकवर खा, पाऊच तिथल्याच झाकणाच्या पेटीत टाका.

मीठही बघा. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांत २८ ग्रॅममागे ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम सर्रास सापडतं. जहाजावरचं जेवण आधीच खारट असतं. त्यात हे मिसळलं की पायाला सूज आणि बोटातली अंगठी घट्ट.

प्रश्न: वाळवलेलं मांस आणि चीज सोबत आहे. वाटेत तीन देशांच्या बंदरांवर उतरायचं आहे. काही अडचण?

जहाजावर चालणं आणि देशात चालणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धक्क्यावर पाऊल टाकलं की त्या देशाचे नियम लागू. मांस, दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कच्च्या बिया आणि कवचासकट सुकामेवा यांवर सर्वांत जास्त बंधनं असतात, कारण त्यांतून जनावरांचे रोग आणि पिकांवरची कीड पसरते. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून प्रवाशाने स्वतःसाठी आणलेलं मांस आणि दुधाचे पदार्थही चालत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फारच कडक. न्यूझीलंडमध्ये जोखमीचा पदार्थ जाहीर न करता नेताना सापडलात तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड, मग ते बॅगेच्या तळाशी विसरलेलं सफरचंद का असेना.

तेव्हा बंदरावर उतरताना मांस आणि चीज केबिनमध्ये राहू द्या. सोबत भाजलेल्या, सोललेल्या बियांचं किंवा फुटाण्यांचं बंद पाकीट आणि बार घ्या. फॉर्मवर किंवा तोंडी 'खाद्यपदार्थ आहेत का' असं विचारलं, तर उत्तर 'हो' द्या, मग अडवतील ते अडवू देत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूचा दंड होतो. बुफेवरची केळी, उकडलेली अंडी किंवा सँडविच खिशात घालून उतरणं हा प्रकार तर टाळाच. जहाजाचाही त्याला विरोध असतो आणि बंदराचाही, आणि काही ठिकाणी धक्क्यावर हुंगणारे कुत्रे असतात.

प्रश्न: प्रोटीन पावडर न्यायची आहे. डबाच नेऊ की पिशवीत काढून?

दोन्ही नको. एकेका वेळेची छापील पुडी मिळते ती घ्या. बिनलेबलची पांढरी भुकटी पिशवीत घेऊन तपासणीला उभं राहणं म्हणजे स्वतःहून प्रश्नांना आमंत्रण. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर पावडर मोठ्या, चेक-इन केलेल्या बॅगेत टाका. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर तिची वेगळी तपासणी होते. शेंगदाण्याचं लोणी हातातल्या बॅगेत नेणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं: सुरक्षा तपासणीत ते द्रवपदार्थांत मोडतं, म्हणजे १०० मिलिलिटरच्या मर्यादेत. एकेक चमच्याची चपटी पाऊच असतील तर प्रश्नच येत नाही.

बऱ्याच प्रोटीन पावडरींत असतं ते व्हे दुधापासून होतं, म्हणून पुडीवरचं लेबल शाबूत हवं. दुधाच्या पदार्थांवर निर्बंध असलेल्या बंदरावर ती पुडी घेऊन उतरू नका.

मिसळण्याबद्दल. शेकरमध्ये आधी २५० मिलिलिटर थंड पाणी किंवा दूध, मग पावडर. उलट केलंत तर तळाला लगदा चिकटतो आणि कितीही हलवला तरी निघत नाही. उकळतं पाणी व्हेवर ओतू नका: साधारण ७० अंशांच्या पुढे त्यातली प्रथिनं गोठतात, आणि पेल्यात उकडलेल्या अंड्यासारखे कण तरंगतात. पोषण फारसं कमी होत नाही, पण घशाखाली उतरत नाही. कॉफीत घालायचं असेल तर आधी दोन-तीन चमचे थंड दुधात पेस्ट करा, कॉफी तीन-चार मिनिटं निवू द्या, मग पेस्ट घाला. झटपट ओट्सचंही तसंच: ४० ग्रॅम ओट्सवर बुफेवरचं गरम पाणी, झाकून पाच मिनिटं, आणि थोडं निवल्यावर पुडी.

शेकर वापरल्यावर अर्ध्या तासात धुवा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. उरलेला शेक किंवा ओट्स केबिनच्या शौचालयात ओतू नका. जहाजाची शौचालयं निर्वात पद्धतीची असतात. एका केबिनमधून गेलेलं काही नळीत अडकलं तर त्या ओळीतल्या बाकीच्या केबिनांचीही शौचालयं बंद पडू शकतात.

प्रश्न: केबिनमध्ये फ्रिज असतो. मग दही, चीज, उकडलेली अंडी बुफेवरून आणून ठेवली तर?

त्याला फ्रिज म्हणतात, पण अनेक जहाजांवर ती शीतपेयं थंड ठेवणारी छोटी पेटी असते आणि ५ अंशांखाली पोहोचतेच असं नाही. पहिल्या रात्री एक परीक्षा करा. पेलाभर पाणी झाकून आत ठेवा, सकाळी छोट्या थर्मामीटरने मोजा. पाणी ५ अंश किंवा त्याहून थंड असेल तर बंद डब्यातलं दही किंवा चीज ठेवायला हरकत नाही. त्याहून वर असेल तर फक्त पाणी आणि चॉकलेटचं वेष्टन असलेले बार. काही केबिनांत दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की वीज जाते. फ्रिजची वीज त्यातून वेगळी आहे का हे केबिनची व्यवस्था पाहणाऱ्याला विचारा.

बुफेवरून आणलेल्या शिजलेल्या किंवा नासणाऱ्या पदार्थाला खोलीच्या तपमानात दोन तासांची मुदत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ही मुदत पदार्थ बुफेवर किती वेळ होता ते धरून असते, आणि ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून अंडं तिथेच खाऊन उठा.

प्रश्न: मागच्या वेळी बार वितळले आणि फुटाणे मऊ पडले. काय चुकलं?

उष्णता आणि दमट हवा. चॉकलेट ३०-३४ अंशांच्या दरम्यान वितळतं. उन्हात बंदरावर पाठीवरच्या पिशवीत तपमान याच्याही वर जातं. बंदराच्या दिवसांसाठी चॉकलेटचा थर नसलेले बार, शेंगदाण्याचं लोणी आणि ओट्सवर बांधलेले, निवडा. थर असलेले वातानुकूलित केबिनमध्ये खा.

फुटाणे सादळतात. त्यात ओलावा इतका कमी असतो की पाकीट उघडताच ते हवेतली वाफ ओढून घेतात, आणि समुद्रावरच्या हवेत ती भरपूर असते. मोठं पाकीट फोडून क्लिप लावण्याचा फार उपयोग नाही. छोटी पाकिटं, फोडलं की संपवायचं. तरी उरलंच तर रबरी कड असलेल्या घट्ट डब्यात खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बाल्कनीत तर काहीच उघडं ठेवू नका: सादळेलच, शिवाय वाऱ्याने वेष्टन समुद्रात जाईल. प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जगभर बंदी आहे, आणि जहाजावर हे नियम कडकपणे पाळले जातात.

अक्रोड हा तिसरा त्रास. त्यातलं तेल लवकर खवट होतं. हवा काढून बंद केलेलं, ताज्या तारखेचं पाकीट घ्या, किंवा नकोच.

प्रश्न: दिवसाला दोन-तीन प्रोटीन बार खाल्ले की माझं पोट फुगतं, कधी जुलाबही होतात. प्रथिनं सोसत नाहीत का?

बहुधा दोष प्रथिनांचा नाही, गोडीचा आहे. साखर कमी दाखवण्यासाठी अनेक बारमध्ये माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखे गोड पदार्थ घालतात. ते लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात पाणी ओढतात, तिथले जिवाणू त्यांवर वायू तयार करतात. चिकोरीच्या मुळाचा तंतुमय भाग, म्हणजे इन्युलिन, हाही तसाच. घटकांच्या यादीत हे पहिल्या चार-पाचांत असतील तर दिवसाला एकच बार, आणि नवा ब्रँड क्रूझच्या आठवड्यात पहिल्यांदा खाऊन पाहू नका. निघण्याआधी घरी दोन दिवस खाऊन बघा.

जहाजावर ही गोष्ट घरच्यापेक्षा जास्त गंभीर होते. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर जहाजाच्या दवाखान्यात कळवायची अपेक्षा असते. नोरोव्हायरसची शंका आली तर तुम्हाला केबिनमध्येच राहायला सांगतात, बहुधा त्रास थांबून एक-दोन दिवस होईपर्यंत. बारमुळे झालं आणि विषाणूमुळे झालं हे पहिल्या तासात कोणालाच कळत नाही, म्हणून तरीही कळवा. लपवणं इतरांसाठी धोक्याचं. आणि खाण्याआधी हात साबण-पाण्यानेच धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

प्रश्न: मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. साखर अचानक उतरली तर जवळ प्रोटीन बार ठेवला की झालं ना?

नाही. इथे घोळ नको. साखर उतरल्यावर प्रथिनं आणि चरबी असलेला पदार्थ उशिरा काम करतो, कारण चरबीमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. आधी १५ ग्रॅम झटपट साखर: ग्लुकोजच्या गोळ्या (एका गोळीत किती ग्रॅम ते लेबलवर असतं, बहुधा ३-४) किंवा साधारण १२५-१५० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. वर आली आणि जेवायला अजून तास-दीड तास असेल, तर मग बार किंवा फुटाणे.

बंदराच्या दिवशी चालणं नेहमीपेक्षा दुप्पट होतं आणि जेवण लांबतं, दोन्ही एकदम. गोळ्या खिशात, खाऊ पिशवीत, आणि सोबतच्या माणसाला दोन्ही कुठे आहेत ते माहीत. इन्सुलिनसाठी फ्रिज हवा असेल तर वर सांगितलेल्या पेटीवर विसंबू नका. औषधासाठीचा फ्रिज आधी मागवता येतो.

प्रश्न: वडिलांना मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. त्यांच्यासाठीही हाच खाऊ?

नको. डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांत प्रथिनं वाढवायची नसतात, बऱ्याचदा मर्यादित ठेवायची असतात. डायलिसिस सुरू असेल तर उलट जास्त लागतात. शिवाय सुकामेवा आणि बियांत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर. त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि त्यानुसार बांधा. पाकिटावरच्या घटकांत 'फॉस्फेट' हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर ते पाकीट परत फळीवर.

प्रश्न: एक मूल तीन वर्षांचं, दुसरं आठ. मोठ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

धाकट्याला अख्खे दाणे, बदाम, फुटाणे देऊ नका; चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकतात, आणि हलत्या जहाजावर धावत खाणारं मूल म्हणजे आणखी जोखीम. या वयात दिवसाची गरज साधारण १३ ग्रॅम, आठ वर्षांच्याला १९ ग्रॅम. एक पेला दूध आणि एक अंडं म्हणजे धाकट्याचं काम झालं. मोठ्यांचे प्रोटीन बार मुलांना नकोत.

थोरल्यासाठी भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया आणि सूर्यफुलाच्या बियांचं लोणी बरं, पण 'शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात तयार' अशी सूचना नसलेलंच. सोयाबीन आणि फुटाणेही शेंगवर्गातले. आधी खाऊन सोसलेले असतील तरच. त्याच्यासाठी घरातल्या कोणीच शेंगदाणे नेऊ नयेत, वेगळ्या बॅगेतही. कंपनीला आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटा; अनेक जहाजांवर दुसऱ्या दिवसाचं जेवण आदल्या रात्री ठरवून देतात. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलेलं असेल तर ते केबिनमध्ये नाही, सतत अंगावरच्या पिशवीत.

प्रश्न: मला बोट लागते. प्रथिनांचा खाऊ चालेल?

चालेल, तेलकट नसेल तर. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. दर दोन तासांनी मूठभर कोरडं काही: फुटाणे, साधी बिस्किटं. शेक, शेंगदाण्याचं लोणी आणि ट्यूना समुद्र शांत होईपर्यंत बाजूला.

प्रश्न: चढताना आणि उतरताना खाऊ कुठल्या बॅगेत ठेवावा?

हातातल्या. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच जमा होतात आणि केबिनच्या दारात पोहोचायला कधी कधी संध्याकाळ उजाडते. तोवर केबिन तयार होईपर्यंतची वाट, सुरक्षेची कवायत आणि बुफेवरची पहिली मोठी रांग यांतून जायचं असतं. दोन पाकिटं, औषधं आणि रिकामी पाण्याची बाटली जवळ हवी.

उतरतानाही हातातल्याच, फक्त क्रम उलट. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे झोपण्याआधीच उरलेला खाऊ काढून मोजा. न फोडलेलं, मांस आणि दूध नसलेलं हातातल्या बॅगेत; फोडलेलं सगळं केबिनच्या कचऱ्यात. त्या दिवशी न्याहारी लवकर आटोपते आणि दुपारपर्यंत नीट जेवण मिळेलच असं नाही, म्हणून न्याहारीला अंडी किंवा दही पोटभर घ्या आणि एक बार अकराच्या सुमाराला. कस्टम्सचा फॉर्म भरताना बॅगेत उरलेलं प्रत्येक पाकीट जाहीर करा, एकच असलं तरी.